धोका कुणाला आणि लाज कुणाला: सरकारी गुप्ततेबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं की आता एका पेनड्राईव्हमध्ये अख्ख्या खात्याचं दप्तर मावतं, दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या सरकारचे कागद बाहेर येतातच, मग गुप्तता ठेवण्यात अर्थ काय, सगळं सरळ नेटवर टाकून मोकळं का होत नाहीत? आणि शेवटी तुम्हीच शंका काढलीये, की नेटमुळेच आता गुप्तता आधीपेक्षा जास्त लागते का? दोन्हीचं उत्तर थोडंथोडं हो असंच आहे, त्यामुळे एका ओळीत सांगता येत नाहीये, जरा वेळ काढून वाचा.

मी बावीस वर्षं याच कामात काढली. लोकांनी कागद मागायचे, आम्ही फाईल काढायची, पान न पान वाचायचं आणि काय द्यायचं, कुठल्या ओळी काळ्या करायच्या, काय अजिबात द्यायचं नाही हे ठरवायचं. नकार दिला तर कारण लिहायचं आणि अपील झालं की तेच कारण दुसऱ्या कुणापुढे तरी उभं राहून पटवून द्यायचं. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली, की 'गुप्त की खुलं' असा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. विचारायचं असतं ते हे, की हा कागद बाहेर गेला तर धोका कुणाला आहे आणि लाज कुणाला वाटणार आहे. धोका असेल तर झाकायला माझी हरकत नाही. नुसती लाज असेल तर झाकायचा हक्क कुणालाच नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण फाईल उघडली की एकाच पानावर, कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही असतं, आणि वर परत ज्याला लाज वाटणार असते तोच माणूस बऱ्याचदा 'धोका आहे' असा शेरा मारून फाईल आपल्याकडे पाठवत असतो.

परिस्थितीवर बरंच काही अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकतो. तोच कागद एका दिवशी गुप्त असायला हवा आणि दुसऱ्या दिवशी नको. परीक्षेचा पेपर सुरू व्हायच्या वेळेपर्यंत कुलपात असतो आणि त्याच मिनिटाला तो प्रत्येकाच्या हातात असतो. टेंडरमधले भाव पाकिटं उघडेपर्यंत कुणालाच कळता कामा नयेत, पण काम दिल्यानंतरही कुणी ते लपवत असेल तर मी नक्की विचारेन की का. सैन्याची तुकडी उद्या कुठे जाणार हे गुप्त, तीस वर्षांपूर्वी कुठे गेली होती हे कशाला गुप्त? पण पोलिसांना खबर देणाऱ्याचं नाव मात्र तीस वर्षांनीही बाहेर जाऊ नये, कारण त्याची मुलंबाळं तिथेच राहत असतात. आणि देशात कोर्ट, पत्रकार, अपील ऐकणारी यंत्रणा ठीक चालत असतील तर थोडी जास्त गुप्तता पण चालून जाते. ते नसेल तर 'आमच्यावर विश्वास ठेवा' याला काही आधारच उरत नाही.

आता गुप्ततेचे शिक्के कसे पडतात ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की प्रत्येक गुप्त कागदामागे कुणीतरी बसून विचार केलेला असतो. माझ्याकडे एकदा एक जाडजूड फाईल आली, दोनशेच्या वर पानं, प्रत्येक पानावर लाल शाईत 'गोपनीय'. मी एकेक पान उलटत गेलो आणि मधे एक पिवळं पडलेलं कात्रण निघालं, रोजच्या वर्तमानपत्रातलं, त्याच खात्याबद्दलची बातमी. त्याच्यावरही शिक्का. हजारो घरांत सकाळी चहाबरोबर वाचलेला कागद गोपनीय! चौकशी केली तर कळलं, वरच्या कव्हरवर शिक्का होता म्हणून क्लार्कने आतल्या सगळ्या पानांवर मारला. त्याला मी दोष देत नाही. जास्त शिक्के मारले म्हणून आजवर कुणाला मेमो आल्याचं मी बघितलं नाही, एक शिक्का राहिला म्हणून आलेला बघितलाय. मग माणूस काय करणार, मारतच सुटणार. ते कात्रण आणि त्याबरोबर दीडशेच्या आसपास पानं मी देऊन टाकली, कुणाचंही काही बिघडलं नाही.

१९७१ साली अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाचे कागद छापू द्यायचे की नाही यावर सुप्रीम कोर्टात केस झाली, त्यात न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलं होतं की सगळंच गुप्त असतं तेव्हा काहीच गुप्त नसतं. ते वाक्य मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. कारण शिक्क्याची किंमत राहिली नाही की निष्काळजी माणूस सगळेच शिक्के सारखे समजतो, खरा धोक्याचा कागदही तसाच कुठेतरी पडून राहतो.

लाज आणि धोका यातला फरक सांगायचा तर माझ्यासाठी सगळ्यात मोठं उदाहरण रेनॉल्ड्स केसचं. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हवाई दलाचं एक बी-२९ विमान पडलं. गुप्त उपकरणांची चाचणी चालू होती, ९ जण गेले, त्यात सैन्याबाहेरचे इंजिनियरही होते. तीन विधवांनी दावा लावला आणि अपघाताचा अहवाल मागितला. हवाई दल म्हणालं, अहवाल दिला तर देशाच्या सुरक्षेला धोका. १९५३ साली सुप्रीम कोर्टाने तो अहवाल स्वतः उघडूनही न बघता सरकारचं म्हणणं मान्य केलं, आणि पुढे कितीतरी केसमध्ये सरकार त्याच निकालाकडे बोट दाखवत आलंय. मग २००० साली त्या इंजिनियरांपैकी एकाच्या मुलीला, वडील गेले तेव्हा ती काही आठवड्यांची होती, नेटवर शोधताना जुने विमान अपघातांचे अहवाल विकणारी एक साईट सापडली. अहवालावरची गुप्तता तोपर्यंत उठलेली होती. तिने मागवला, वाचला. त्यात त्या गुप्त उपकरणांबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. इंजिनाला आग लागली होती आणि इंजिन तापू नये म्हणून जे बदल करायचे आदेश होते ते केलेलेच नव्हते, हे होतं. कुटुंबं परत कोर्टात गेली, निकाल काही फिरला नाही. विमानाची बारीकसारीक माहितीही त्या काळात शत्रूपासून लपवायची होती असं म्हणणारे आहेत आणि ते मी अगदीच उडवून लावत नाही, पण सगळ्यात जास्त टोचतं ते हे की ज्याच्या हातात निर्णय होता त्याने पाकीटच उघडलं नाही. म्हणून मी नेहमी म्हणतो, गुप्त ठेवा पण खात्याबाहेरच्या कुणीतरी तो कागद डोळ्यांनी वाचलेला असला पाहिजे.

आता नेटने नक्की काय बदललं? माझ्या मते दोन गोष्टी, आणि लोक फक्त पहिलीबद्दल बोलतात.

पहिली म्हणजे कॉपी करणं फुकट झालं. डॅनियल एल्सबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९६९ मध्ये ते, वर सांगितलेल्या केसमधले, व्हिएतनामचे कागद बाहेर काढले तेव्हा साधारण ७००० पानं होती आणि रात्री-रात्री झेरॉक्स मशीनपुढे उभं राहून त्याने एकेक पान काढलं. ते करताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो, हे द्यावं का, हे राहू द्यावं का (राजनैतिक वाटाघाटींचे चार खंड त्याने पेपरवाल्यांना दिलेच नव्हते). २०१० मध्ये विकिलीक्सकडे, म्हणजे फुटलेले कागद छापणाऱ्या साईटकडे, अमेरिकेच्या वकिलातींच्या अडीच लाखांवर तारा (त्यांनी मायदेशी पाठवलेले संदेश) गेल्या, त्या सीडीवर घालून बाहेर आणल्या होत्या. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त तारांवर कुठलाच गुप्ततेचा शिक्का नव्हता, तरी त्याच नेटवर्कवर खरे गुप्त कागदही पडलेले. कारण अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर सगळे ओरडले होते की खात्यांनी एकमेकांना माहिती दिली नाही म्हणून हल्ला झाला, आणि ते चुकीचंही नव्हतं, मग दारं इतकी उघडली की लाखो लोक आत बघू शकत होते. ज्या तिजोरीच्या लाखो चाव्या आहेत तिला तिजोरी म्हणण्यात अर्थ नाही. पुढे २०११ मध्ये त्या तारा नावांसकट जशाच्या तशा बाहेर आल्या, म्हणजे विश्वासाने दोन शब्द बोललेल्या साध्या माणसांची नावंसुद्धा. लाज मोठ्यांची गेली आणि धोका छोट्यांना झाला. 'सगळं टाकून मोकळं व्हा' असं कुणी म्हटलं की मला ही माणसं आठवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तुकडे जोडणं सोपं झालं, आणि आमच्या कामात खरी झोप उडवणारी हीच आहे. पूर्वी मी एक कागद बघून ठरवायचो की यात काही नाही, देऊन टाका. आता तो कागद नेटवरच्या इतर दहा गोष्टींना जोडला तर काय दिसेल हे पण बघावं लागतं. २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहराने माहिती मागणाऱ्याला टॅक्सींच्या एका वर्षाच्या १७ कोटींवर फेऱ्यांचा डेटा दिला. टॅक्सीचे आणि ड्रायव्हरचे नंबर कोडमध्ये बदलले होते. पण टॅक्सीचे नंबर एका ठरलेल्या साच्यातले असतात, म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर कॉम्प्युटरवर कोड करून जुळवून बघता येतात, एका प्रोग्रामरने काही तासांत ते उलगडून दाखवलं. मग दुसऱ्या कुणीतरी टॅक्सीत बसणाऱ्या प्रसिद्ध लोकांचे फोटो घेतले, त्यातला टॅक्सी नंबर आणि वेळ जुळवली आणि ते कुठे उतरले, भाडं किती दिलं हे काढलं. देणाऱ्याने वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं, उलट पारदर्शकताच केली होती. लतान्या स्वीनी या संशोधिकेने तर २००० च्या सुमारासच दाखवलं होतं की अमेरिकेतले साधारण ८७ टक्के लोक नुसत्या पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर वेगळे ओळखू येऊ शकतात. नाव काढलं म्हणजे माणूस झाकला गेला असं नाही.

माझ्या हातून झालेलं पण सांगतो, कारण त्यानंतर माझी कामाची पद्धतच बदलली. एका कर्मचाऱ्याने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली होती, त्या चौकशीची फाईल बाहेरच्या कुणीतरी मागितली. फाईल द्यायलाच हवी होती, खात्याची चूक होती आणि लोकांना ती कळायला हवी होती. मी तक्रारदाराचं नाव जिथे जिथे आलं तिथे पीडीएफमध्ये काळी पट्टी लावली, दोनदा तपासली, पाठवली. काही दिवसांनी दुपारी फोन आला. आवाज शांत होता. एवढंच म्हणाल्या, "साहेब, माझं नाव दिसतंय." मी म्हटलं, नाही, मी स्वतः काळं केलंय. त्या म्हणाल्या, पट्टीवरून माऊस फिरवा, कॉपी करा आणि कोऱ्या पानावर पेस्ट करा. मी फोन कानाला लावूनच केलं. पट्टी गेली आणि नाव आलं, आडनावासकट. त्या बाईंना पुढे ऑफिसमध्ये जे सोसावं लागलं ते मी इथे लिहीत नाही, ते सांगायचा हक्क त्यांचा आहे. मी माफी मागितली पण एकदा बाहेर गेलेली फाईल माफीने परत येत नाही, झेरॉक्सच्या जमान्यात निदान दहा प्रती शोधून गोळा तरी करता आल्या असत्या.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असं नाही. २००५ मध्ये इराकमधल्या गोळीबाराचा अमेरिकन सैन्याचा एक अहवाल असाच काळ्या पट्ट्यांखालून लोकांनी कॉपी करून वाचला होता. २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकबद्दलची एक वर्ड फाईल नेटवर टाकली, तिच्या आत ती कुणी-कुणी एडिट केली त्यांची नावं तशीच राहिली होती. त्या फोननंतर मी नियम केला: ओळ मुळातूनच पुसायची, प्रिंट काढायची, उजेडात धरून बघायची, मग परत स्कॅन, आणि पाठवायच्या आधी दुसऱ्या माणसाने फाईल उघडून मुद्दाम फोडायचा प्रयत्न करायचा. वेळ लागतो. अर्जदाराला वाटतं टाळाटाळ चाललीये. काही ठिकाणी खरंच टाळाटाळ असते, पण काही ठिकाणी कुणीतरी उजेडात कागद धरून बसलेलं असतं.

म्हणजे खुलं करायला पण माणूस लागतो आणि त्या माणसाच्या हातात काळी शाई असते. मग पुढचा प्रश्न, ती शाई कुणाच्या हातात द्यायची? ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाची बिलं बाहेर आली. सरकारी पद्धतीने जी आवृत्ती जूनमध्ये प्रसिद्ध झाली ती काळ्या पट्ट्यांनी भरलेली होती, आणि पत्ते सुरक्षेसाठी झाकले होते. वरवर बघितलं तर बरोबरच आहे, खासदाराच्या घराचा पत्ता कशाला द्या. पण काही खासदार 'दुसरं घर' म्हणून आज एक, उद्या दुसरं दाखवून दोन्हीवर पैसे घेत होते आणि तो सगळा प्रकार कळतो तो पत्त्यांवरूनच! महिनाभर आधी एका पेपरने मूळ डेटा मिळवून छापला होता म्हणून लोकांना ते कळलं. पत्ता झाकायला धोका हे खरं कारण होतं आणि त्याच पट्टीखाली लाजही झाकली जात होती. मी तिथे असतो तर पत्त्याच्या जागी 'घर १', 'घर २' असं लिहिलं असतं, घर झाकलं गेलं असतं आणि घर बदललं हे दिसलं असतं. नव्वद टक्के वेळा असा मधला रस्ता निघतो, पण तो काढायची इच्छा ज्याची बिलं आहेत त्याच्याकडून अपेक्षित धरता येत नाही.

अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचे कागद बाहेर काढणाऱ्या एडवर्ड स्नोडेनबद्दल तुम्ही विचारलं होतंत, हिरो का गद्दार. त्यावर मी वेगळ्या बाजूने बघतो. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखांना सिनेटमध्ये उघडपणे विचारलं गेलं की तुम्ही कोट्यवधी लोकांची काही माहिती गोळा करता का, ते नाही म्हणाले. जूनमध्ये स्नोडेनने दिलेल्या कागदांतून कळलं की फोन कुणी कुणाला केला, किती वेळ केला याच्या नोंदी सरसकट गोळा होत होत्या. २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की कायद्यात याला परवानगीच नव्हती. इथे माझी रेघ स्पष्ट आहे: कुणावर पाळत आहे हे गुप्त असू शकतं, पण पाळत ठेवायचा नियम काय आहे हे गुप्त असू शकत नाही. कारवाई झाका, कायदा झाकू नका. कायद्याचा अर्थच गुप्त असेल तर तो मोडला जातोय का हे तपासणार कोण आणि कशाच्या आधारावर? बाकी स्नोडेनने जे नेलं त्यात या प्रश्नाशी संबंध नसलेलंही बरंच होतं, ते बाहेर जायला नको होतं असं मी मानतो. लीक ही अशीच असते, ती मोजून-मापून होत नाही. आत तक्रार ऐकणारी, विश्वास ठेवता येईल अशी जागा नसेल तर माणूस बाहेरचं दार शोधतो.

आणि हल्ली मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते तुमच्या प्रश्नात नव्हतंच. आपण सगळे भांडतोय फाईल द्यायची की नाही यावर, आणि तिकडे फाईलच बनत नाहीये. निर्णय मेसेजवर होतात, मेसेज आपोआप उडून जायची सेटिंग असते. मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा अमेरिकेचे मोठे अधिकारी सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर करत होते आणि त्यात चुकून एका मासिकाचा संपादक ॲड झाला होता. म्हणजे ज्याची गुप्तता खरंच हवी होती ती राहिली नाही, आणि ज्याची नोंद कायद्याने राहायला हवी होती ते मेसेज काही दिवसांत पुसले जाणार होते. एकाच ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंनी चूक. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपियन युनियनच्या कोर्टाने युरोपियन आयोगाच्या अध्यक्षांच्या कोविड लशीच्या खरेदीबद्दलच्या एसएमएसच्या प्रकरणात सांगितलं की मेसेज आमच्याकडे नाहीत एवढं म्हणून भागणार नाही, का नाहीत ते पटेल असं सांगा. मला तो निकाल वाचून बरं वाटलं. काळी केलेली ओळ निदान सांगते की इथे काहीतरी होतं, तिच्यावर अपील करता येतं. उडून गेलेल्या मेसेजवर अपील कसं करणार?

तर तुमच्या मूळ प्रश्नावर परत येतो. सगळं नेटवर टाका, याला माझा नकार आहे, कारण सरकारी कागदांत सरकार कमी आणि तुमच्या-आमच्यासारखी माणसं जास्त असतात, आजारपणं, तक्रारी, कर्जं, घटस्फोट. पैसा कुठे गेला, निर्णय कुणी घेतला, कुठल्या नियमाखाली घेतला, हे मात्र कुणी मागायच्या आधीच टाकलेलं असायला हवं. आणि सामान्य माणसाची माहिती सरकारात कुणी-कुणी उघडून बघितली हे त्या माणसाला दिसायला हवं. एस्टोनियात लोकांना हे ऑनलाईन बघता येतं, त्यामुळे ते होऊ शकत नाही असं मला कुणी सांगू नये.

तुम्ही स्वतः कागद मागणार आहात असं लिहिलंय, तर कामाचं सांगतो. 'या विषयावरची सगळी माहिती द्या' असं लिहू नका, तुम्हाला एकतर नकार येईल किंवा गठ्ठा येईल. आधी त्या विषयाच्या फाईलींची यादी मागा, नंबर आणि तारखेसकट, यादी सहसा नाकारता येत नाही. मग नेमकी पानं मागा. पूर्ण फाईल नाकारली तर उरलेला भाग द्या म्हणून मागा, माहिती देण्याच्या बहुतेक कायद्यांत झाकायचं तेवढं झाकून बाकीचं द्यावं अशी सोय असते, आणि नाकारणारा त्याबद्दल गप्प बसलेला असतो. कुठल्या कलमाखाली नाकारलं आणि ती गुप्तता कधी उठणार, हे दोन्ही लेखी विचारा. उत्तरात नुसतं 'सुरक्षेच्या कारणास्तव' एवढंच असेल तर अपील जरूर करा, धोका खरा असतो तेव्हा तो कसला हे थोडंतरी सांगता येतं.

नकाराचं पत्र आलं की मला दाखवा, कुठल्या मुद्द्यावर अपील टिकेल ते वाचून सांगेन. फक्त पाठवताना तुमचं नाव-पत्ता त्यावर काळी पट्टी लावून झाकू नका, ती ओळच पुसून टाका, प्रिंट काढा आणि त्या प्रिंटचा फोटो पाठवा.